हरकत नाही

वकिलाच्या तोंडी दोन शब्द फार स्वस्त झालेले असतात : 'हरकत नाही'. प्रतिपक्षाने तारीख पुढे मागितली, हरकत नाही. कागद उशिरा दाखल केला, हरकत नाही. दिवसातून दहा वेळा उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दांमागे विचार किती असतो, हा प्रश्न चाळिशी उलटेपर्यंत मला कधी पडला नव्हता. तो पडला एका झाडाच्या निमित्ताने.

२०२१ च्या एप्रिलअखेर माझे वडील सुरतेत वारले. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. शहरातील गॅसदाहिन्यांच्या लोखंडी चौकटी अखंड तापून वितळल्याचे वृत्त त्याच महिन्यात वर्तमानपत्रांतून आले होते. तापीकाठच्या एका स्मशानात वडिलांसाठी लाकूड मिळेपर्यंत आम्ही दोघे भाऊ पाच तास उभे होतो. त्यात दोष कोणाचाच नव्हता. एका चितेला साधारणपणे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. आणि चिता एक नव्हती.

पुढे तीन आठवड्यांनी 'तौक्ते' चक्रीवादळ आले. १७ मेच्या रात्री ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या वाऱ्याने सुरतेतही झाडे उन्मळून पडली. आमच्या सोसायटीच्या आवारातले दोन गुलमोहर आणि एक जुना शिरीष सकाळी आडवे झालेले दिसले. हे सरपण स्मशानाला द्यावे अशी सूचना मी केली, आणि ती सर्वांनी मान्य केली. वडिलांच्या नावाने काही द्यावे असे माझ्या मनात होतेच.

शेजारच्या एका तरुणाने त्याच वर्षी साखळीची करवत विकत घेतली होती. अजून तिचा रंगही उडाला नव्हता. पेट्रोलमध्ये मोजून तेल मिसळून त्याने टाकी भरली, डोळ्यांवर चष्मा व कानांवर झाकणे चढवली, आणि दोरी ओढली. त्या यंत्राची साखळी सेकंदाला सुमारे वीस मीटर या वेगाने धावते. कुऱ्हाडीने दोन माणसांना दोन दिवस पुरले असते, ते काम तीन तासांत उरकले. ओंडक्यांच्या रांगा लागल्या, भुशाचे ढीग पडले. मी पाहत उभा होतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला आनंद होत होता. पाच तास लाकडासाठी ताटकळलेल्या माणसाला लाकडाची ती रास पाहून जे वाटावे तेच मला वाटत होते.

आवाराच्या कोपऱ्यात एक जांभूळ आहे. वादळात त्याची काडीही मोडली नव्हती. परंतु जूनमध्ये त्याची फळे खाली उभ्या केलेल्या मोटारींवर पडतात, डाग जात नाहीत, आणि दरवर्षी सभेत त्यावरून तक्रार होते. कोणीतरी म्हणाले, "यंत्र चालूच आहे, तर हेही काढून टाकू. तेवढेच सरपण वाढेल." मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. "वकीलसाहेब, हरकत नाही ना?"

मी म्हणालो, "हरकत नाही."

शहरात उभे झाड तोडण्यापूर्वी परवानगी मागावी लागते, हे तेथे जमलेल्यांत सर्वांत चांगले मला ठाऊक होते. तरीही मी तसे म्हणालो. दोन मोठ्या फांद्या खाली आल्या आणि यंत्र खोकून बंद पडले. पेट्रोल संपले होते. तो तरुण डबा घेऊन पंपावर गेला. यायला अर्धा तास लागणार होता.

त्या अर्ध्या तासात आई वरच्या मजल्याच्या गॅलरीत आली. तिची दृष्टी अधू झाली आहे, आणि त्या दिवसांत ती फारसे बोलतही नव्हती. तिने वरूनच विचारले, "पुता, तें झाड पडलां काय?"

तिच्या प्रश्नात उपरोध नव्हता. तिला खरोखरच दिसत नव्हते. परंतु इतका सरळ प्रश्न मला कोणत्याही न्यायालयात कोणी विचारलेला नाही. ते झाड पडले नव्हते. पडलेल्या झाडांचे सरपण करण्यासाठी आम्ही जमलो होतो, आणि उभ्या झाडापर्यंत केव्हा पोहोचलो ते आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नसते. तरुण परत आला तेव्हा मी माझी संमती मागे घेतली. काही शेजारी नाराज झाले. दर जूनमध्ये ते मला त्याची आठवण करून देतात.

हे मी स्वतःच्या सद्‌गुणाची कथा म्हणून सांगत नाही. आईचा प्रश्न कानी पडला, कारण तेव्हा यंत्र थांबलेले होते. आणि यंत्र थांबले, कारण पेट्रोल संपले होते. टाकीत आणखी थोडे असते तर तो प्रश्न कोणाला ऐकूही आला नसता. माझा सारा विवेक त्या दिवशी एका रिकाम्या टाकीवर अवलंबून होता, ही गोष्ट मला अद्याप स्वस्थ बसू देत नाही.

या करवतीच्या साखळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन प्रांतात ज्यो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या सरपण फोडत असता एका खुंटात लाकूड पोखरणारी अळी त्याच्या दृष्टीस पडली. ती आपले जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालवीत लाकडातून सहज मार्ग काढीत होती. त्या जबड्यांच्या धर्तीवर त्याने साखळीचे दाते घडवले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा धंदा सुरू केला. आजच्या साखळ्यांतही तेच तत्त्व आहे. माणूस अळीपासून शिकला, यात कमीपणा काही नाही. परंतु त्याने अळीचे जबडे तेवढे घेतले, पोट घेतले नाही. अळीला पोट आहे, म्हणून तिच्या कुरतडण्याला सीमा आहे. यंत्राला पोट नाही. त्याची सीमा यंत्राबाहेर, ते धरणाऱ्याच्या मनात असावी लागते. आणि तेथे ती नसेल तर कोठेच नसते.

कुऱ्हाडीची गोष्ट निराळी होती. कुऱ्हाड धरणाऱ्याचे खांदे दुखत, तळहाताला फोड येत, श्वास लागे. दर दहा घावांनी माणूस थांबे, घाम पुसे, झाडाकडे पाही. 'हे कशासाठी?' असा प्रश्न त्याला स्वतःहून सुचत नसेलही. पण सुचण्याला जागा होती. श्रम हे त्या जागेचे नाव होते.

येथे कोणी म्हणेल, हा वकील काळ्या कोटात सावलीला बसून दुसऱ्याच्या घामाचे गुणगान करीत आहे. आक्षेप योग्य आहे, आणि मी तो आधीच मान्य करतो. ज्याची पाठ आयुष्यभर लाकूड फोडून वाकली, त्याला श्रमाचे नैतिक मूल्य समजावून सांगणे हा निव्वळ उद्धटपणा होय. डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईला यंत्र मिळाले तर ते मिळालेच पाहिजे. वादळानंतर रस्त्यावर आडवे पडलेले झाड रुग्णवाहिकेसाठी दहा मिनिटांत दूर करणारे यंत्र म्हणजे दयाच होय. माझे म्हणणे एवढेच की, यंत्राने श्रम नाहीसा केला तेव्हा श्रमाच्या पोटात दडलेला विलंबही नाहीसा झाला. श्रम गेला त्याचे दुःख नको. विलंब गेला त्याची मात्र भरपाई केली पाहिजे.

शिवाय हा दोष एकट्या यंत्राचा नाही. सुरतेच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या कडेला डांगचे अरण्य आहे. १८४२ पासून इंग्रजांनी तेथील भिल्ल राजांकडून ते कराराने घेतले. त्यातील सागवान जहाजांसाठी हवे होते. तेव्हा यांत्रिक करवत नव्हती. होती फक्त लेखणी. परंतु ज्या क्षणी झाड तोडणारा आणि तोडण्याचा निर्णय घेणारा यांच्यामध्ये एक कागद आला, त्या क्षणी निर्णय घेणाऱ्याचे खांदे दुखण्याचे थांबले. आम्हा कायदेपंडितांचे हे हत्यार साखळीच्या करवतीहून जुने आहे आणि आवाज न करता चालते.

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. मला त्याच परंपरेतील एका निराळ्या दस्तऐवजाची आठवण होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचे विवेचन आहे. आंबा, फणस ही लाकडे आरमाराच्या उपयोगाची खरी. परंतु त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. राज्याला गरज होती, सत्ता होती, मनुष्यबळ होते. तरीही आज्ञा करणाऱ्याने राज्याची गरज आणि रयतेचे झाड यांच्यामध्ये एक पायरी मुद्दाम उभी केली : आधी विचारा.

याच्याही पूर्वी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत देवमूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी सांगितला आहे. काम साक्षात देवाचे. तरी झाडापाशी जाऊन एकदम शस्त्र चालवायचे नाही. रात्री त्या वृक्षाची पूजा करावी, त्यावर वास करणाऱ्या भूतांना दुसरीकडे राहावयास जाण्याची विनंती करावी, आणि सकाळ झाल्यावर झाड तोडावे. आपल्यापैकी कित्येकांना हा विधी भाबडा वाटेल. मला त्यात एक फार व्यवहारी शहाणपण दिसते. भूते जावोत वा न जावोत, निर्णय आणि घाव यांच्यामध्ये एक पूर्ण रात्र जाते. त्या रात्रीत ज्याला आपला बेत बदलायचा असेल त्याला तो लाज न वाटता बदलता येतो. मूर्तीसाठी जी रात्र आवश्यक मानली, ती मोटारीवरच्या डागांसाठी आम्ही दिली नाही.

आधुनिक कायद्यानेही दुसरे काही केलेले नाही. महाराष्ट्रातील १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की, तोडावयाच्या झाडासंबंधी जाहीर सूचना द्यावी आणि ती प्रत्यक्ष त्या झाडावरही लावावी. पूर्वी मला या तरतुदीचे हसू येई. झाड का नोटीस वाचणार आहे? आता वाटते, ती नोटीस वाचायची असते माणसाने, त्या झाडाखालून रोज जाताना. तिच्यामुळे लोकांना हरकत घेण्याची संधी मिळते. कायदा हरकत मागतो, आणि कायद्याचा पदवीधर 'हरकत नाही' म्हणून मोकळा होतो, यातला विरोध मला त्या दिवशी प्रथम कळला. विलंबाबद्दल लोक न्यायालयांना नावे ठेवतात, आणि पुष्कळदा ते रास्तच असते. परंतु जे केले की परत करता येत नाही, त्यापुरता विलंब हाच न्याय असतो.

सरपणाची कथा अजून संपली नाही. ओंडके भरण्यापूर्वी आम्ही एका लाकडाच्या वखारवाल्याला विचारले. त्याने एक तुकडा हाती घेऊन तोलला आणि सांगितले, "ओले आहे. फोडून, आडोशाला रचून ठेवा. पावसाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर बघू." ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी इतके असते की आगीची पुष्कळशी शक्ती ते पाणी उडविण्यातच खर्च होते, धूर होतो, ज्वाला धरत नाही. ते वाळायला महिने लागतात, आणि त्या कामी कोणतीही करवत उपयोगी पडत नाही. सहा महिन्यांच्या कामातले दोन दिवस आम्ही वाचवले होते. त्या दोन दिवसांच्या धुंदीत एक निरोगी झाड जायचे, आणि त्याचा उपयोग त्या मे महिन्यातल्या एकाही मृताला व्हायचा नाही.

अश्विनीकुमार घाटावर तीन पानांचा वड म्हणून एक स्थान आहे. कर्णाचे दहन तेथे झाले अशी सुरतेची श्रद्धा आहे. त्याच कर्णाची एक लोककथा आपल्या घरांतून सांगितली जाते. भर पावसात एका याचकाने कोरडे चंदन मागितले. सारे अरण्य भिजलेले होते. कर्णाने आपल्या वाड्याची चंदनी दारे उतरवली, फोडली आणि दिली. कथा दातृत्वाची म्हणून सांगतात. मला तिच्यात कुऱ्हाड कोठे चालवावी याचा निर्णयही दिसतो. याचकाची गरज खरी होती, लाकूड कोरडे होते, आणि दार कर्णाचे स्वतःचे होते. जांभळाच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट खरी नव्हती. वडिलांच्या नावाने मी जे देऊ पाहत होतो, ते माझे नव्हतेच.

दिवाळीनंतर आम्ही वाळलेले सरपण टेंपोत भरून स्मशानात पोहोचते केले. सोसायटीच्या सभेत मी एक ठराव मांडला आणि तो थोड्या कुरकुरीनंतर संमत झाला : आवारातील कोणतेही उभे झाड किंवा त्याची मोठी फांदी तोडण्याचा विषय निघाल्यास त्याच दिवशी यंत्र लावू नये, परवानगी तर घ्यावीच, परंतु ती मिळाल्यावरही एक रात्र जाऊ द्यावी. यंत्र त्या तरुणाकडे आहे, चांगल्या स्थितीत आहे, आणि दर पावसाळ्यात उपयोगी पडते.

जांभळाच्या अंगावर त्या दोन फांद्यांच्या जागी दोन वाटोळे व्रण आहेत. कडेने साल चढत आली आहे. मध्ये लाकूड अजून उघडे दिसते. न्यायालयात जाताना मी त्याच्याखालून जातो. आणि त्या दिवशी कोणी 'हरकत नाही ना?' असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी कागद एकदा वाचतो.