बाथचा ऑर्गनवादक

आकाशाची दारे केवळ वेधशाळांतील पगारदार अंमलदारांसाठीच उघडी असतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी इंग्लंडमधील बाथ नगरीत ऑर्गन वाजवून उदरनिर्वाह करणाऱ्या विल्यम हर्शेलचे चरित्र अवश्य अवलोकावे. दिवसा शिष्यांना संगीत शिकवावे आणि उरल्या वेळी दुर्बिणीसाठी तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा स्वहस्ते घासत बसावे, हा त्याचा परिपाठ. एकदा सलग १६ तास त्याने आरशावरून हात काढला नाही, तेव्हा भगिनी कॅरोलाइनने त्याला घास भरविले. या भगिनीने पुढे स्वतः ८ धूमकेतू शोधून काढले, ही गोष्ट मला तितकीच थोर वाटते.

१३ मार्च १७८१ च्या रात्री, घरामागच्या बागेतून, वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेजवळ त्याला एक ज्योत बिंदुवत न दिसता किंचित थाळीसारखी दिसली. दुर्बिणीची वर्धनशक्ती वाढवावी तसतसा तिचा आकारही वाढे, जे ताऱ्यांच्या बाबतीत घडत नाही. त्याने तिला प्रथम धूमकेतू मानले. गणितज्ञांनी कक्षा मांडली तेव्हा तो शनीपलीकडचा ग्रह, युरेनस, ठरला. हाच ग्रह ग्रीनिचच्या खगोलज्ञ फ्लॅमस्टीडने १६९० साली पाहून तारा म्हणून दप्तरी दाखल केला होता!

युरेनसच्या निकट आजवर व्हॉयेजर २ हे एकच यान, १९८६ साली, गेले आहे. परंतु ज्यांच्या घरी द्विनेत्री दुर्बीण पेटीत पडून असेल, त्यांनी तारानकाशा घेऊन, गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन, अमावास्येच्या आसपास तो अवश्य शोधावा, तो दिसतो.