चिंचेचा बुंधा फोडताना

शंभू महादेवा, शिंगणापूरच्या डोंगरावरून आमचं शिवार तुला दिसतच असेल. बांधावरची थोरली चिंच गेल्या वळवात आडवी झाली. मी तिला हात लावला नव्हता, तुझ्या वाऱ्यानं पाडली. माणसाला चिंच तोडायची तर 1964 च्या कायद्यानं परवानगी काढावी लागते. वाऱ्याला कोण कागद मागणार? फांद्या केव्हाच चुलीत गेल्या. उरलेत ते बुंध्याचे ओंडके, आणि कुऱ्हाड, घण, पाचरी घेऊन मी त्यांच्यापुढे उभा आहे.

बळ मागत नाही. ते चैत्रात मुंगी घाटातून तुझी कावड चढवणाऱ्यांना दे. मला चीर दिसू दे. ओंडका वाळताना घेराच्या अंगानं जास्त आकसतो, गाभ्याच्या दिशेनं कमी, म्हणून त्याच्या तोंडावर आतून कडेपर्यंत चिरा उमटतात. पहिला घाव अशा चिरेत बसू दे, आणि तोही कडेला. मधोमध घाव घालायची हौस नव्या माणसाची. जुना माणूस कडेकडेनं ढलप्या काढत आत जातो. बाभूळ कितीही टणक असली तरी मनात ठेवत नाही. घाव बसला की ठाक् म्हणते आणि उकलते.

चिंच तशी नव्हे. तिच्या एका थरात तू धागे उजवीकडे पिळलेस, पुढच्या थरात डावीकडे. कुऱ्हाड चार बोटं आत जाते आणि तिथंच धरली जाते. पाचर ठोकली की ओंडका फाकतो पण सुटत नाही. दोन्ही फाकांच्या मध्ये सुंभासारखे तंतू ताणून उभे राहतात, ते एकेक करून तोडावे लागतात. उगाच नाही खाटकाच्या दुकानातला ठोकळा चिंचेचा आणि जुना तेलघाणाही चिंचेचा. याच पिळावर ती किती वावटळी सोसून उभी होती. तिच्या सावलीत भाकर सोडून बसायचो तेव्हा हा चिवटपणा मला खुपला नाही. आता फुटत नाही म्हणून तिला शिव्या द्यायला लागलो, तर माझी जीभ धर.

दांडा धावड्याचा आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण उन्हानं सुकला की पातं हलायला लागतं, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवला होता. तरी ते निसटलंच, तर समोर कुणी नसू दे. पोरं हाकलली तरी येतात. ढलपीपासून डोळे सांभाळ, आणि ढलपीपेक्षा त्या लोखंडापासून: घण खाऊन खाऊन पाचरीचं डोकं फुलतं, त्याची किनार तुटून उडते, आणि ती कुठं जाईल ते फक्त तुला ठाऊक.

मृगाच्या आत हे सगळं वाळून पडवीत रचलेलं असू दे. ओलं सरपण आधी स्वतःचंच पाणी उकळत बसतं, मग आमचं, आणि धूर सगळा चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत. घरात गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून लाकडावरच. बारीक बंबफोड शेजारच्या म्हातारीला द्यायची आहे. तिला आता कुऱ्हाड उचलत नाही, आणि मागणं त्याहून जड जातं. तिनं उंबऱ्याशी येऊन इकडचं तिकडचं बोलत बसायच्या आत मला आठवण होऊ दे. यातलं काही कुणाच्या सरणाला लागलं तर लागू दे, मसणवटाही तुझाच. त्याची एवढ्यात घाई मात्र नको.

राहिला तो बेचक्याचा ओंडका, जिथून दोन थोरल्या फांद्या फुटल्या होत्या. तिथं धागे एकमेकांत असे गुंतलेत की सरळ रेघ म्हणून सापडत नाही. तो फोडण्याचा माझा हट्ट तू सोडव. होळी तोंडावर आली आहे. गावातली पोरं लाकडं चोरणारच, तर त्यांनी रात्रीतून हाच न्यावा; मी जागा असलो तरी घोरेन. फक्त माझी एक पाचर त्यात डोक्यापर्यंत रुतून बसली आहे, महादेवा. तेवढी त्याआधी निघू दे.