पोट पडलं की पाडलं?

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या रानात खुरपणाऱ्या बायका तिसऱ्या महिन्यात गेलेल्या गर्भाला 'गर्भपात' म्हणत नाहीत. 'तिचं पोट पडलं' म्हणतात. पण पाठोपाठ विचारतात, 'काय उचललं होतंस? पपई खाल्लीस का?' पोट पडणं आणि पाडणं यांत बोलीने फरक राखला आहे, तरी पडल्याचा जाब बाईलाच द्यावा लागतो.

जुन्या ग्रंथांनी महिने मोजले. चौथ्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात, असा भेद सुश्रुतसंहितेत आहे. जितके महिने तितक्या रात्रींचं अशौच मनुस्मृतीने सांगितलं. त्यामागची विटाळाची कल्पना मला मुळीच मान्य नाही. पण या नियमात तरी बाईचा दोष शोधलेला नाही.

इंग्रजी कायद्याने हेतू पाहिला. 1860 च्या दंड संहितेतल्या कलम 312 ने गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा ठरवला आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात धरली. तीनच वर्षांनी, 1863 मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवेला तिथे सुखरूप बाळंत होता येत होतं. तिला शिक्षा काय द्यावी, यापेक्षा तिच्यावर ही वेळ आली कशी, याचा विचार त्यामागे होता. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच पाऊल.

1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी डॉक्टरकडून गर्भपात करून घेण्याची मुभा दिली. पुढे गर्भलिंग तपासणीविरुद्ध 1994 चा कायदा आला. तो हवाच होता. पण 2012 मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत लिंग तपासून गर्भ पाडल्याचं प्रकरण उघडकीस आल्यावर मराठवाड्यात 'गर्भपात' शब्दालाच संशय चिकटला. ज्या बाईचा गर्भ आपोआप गेला तिच्याकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. दवाखान्याच्या कागदावर 'अ‍ॅबॉर्शन' लिहिलेलं असतं. घरी ती 'पिशवी धुतली' एवढंच सांगते. ब्रिटनमध्ये 1985 साली डॉक्टरांनीच 'लॅन्सेट'मधून सुचवलं, की आपोआप गेलेल्या गर्भाला अ‍ॅबॉर्शन म्हणू नये, बायकांना ते लागतं. आपल्याकडे कागद बदललेला नाही.

वैद्यकशास्त्राचं म्हणणं स्पष्ट आहे. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा आपोआप संपतात. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते. तिथे कळशी उचलल्याचा संबंध नसतो.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. कारखान्यातल्या, कार्यालयातल्या बाईला तिचा आधार झाला. खुरपणाऱ्या मजूर बाईपर्यंत ती पोचलीच नाही. ऊसतोडीला कोयत्यावर गेलेल्या बाईला तर रजा सोडाच, बसून राहिलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंड लागतो आणि तो उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून कापला जातो. ही माझ्या दृष्टीने उघड अन्यायाची गोष्ट आहे.

तेव्हा ऊसतोडीच्या मुकादमांनो, गर्भ गेलेल्या बाईचे ते दिवस खाड्यात धरू नका. डॉक्टरांनो, कागदावर 'आपोआप झालेला' हे दोन शब्द मराठीत लिहा. आणि घरच्यांनो, काय उचललं होतंस, हे तिला पुन्हा विचारू नका.