मजुरी आणि जोखीम

घरांत कामास बोलाविलेल्या कारागिराच्या हातून कांहीं मोडलें, तर तें कोणीं भरून द्यावें? हा प्रश्न दिसावयास अगदीं घरगुती आहे, आणि त्यावर लेख लिहावा इतका तो मोठा नाहीं, असें पुष्कळांस वाटेल. परंतु न्यायाविषयींचे आपले खरे विचार मोठ्या तत्त्वांची चर्चा करतांना जितके प्रकट होत नाहींत, तितके ते अशा लहान व्यवहारांत होतात. कारण येथें आपला स्वतःचा पैसा गुंतलेला असतो, आणि समोरचा मनुष्य बहुधा आपल्याहून दुर्बळ असतो. म्हणून खिडकीचे पडदे बसविण्याची साधी गोष्ट घेऊन या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या सडक अर्जुनीसारख्या गांवांत हा प्रश्न पूर्वीं फारसा नव्हता. झाडीपट्टींतील जुनें घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर कवेलू आणि लहानशी खिडकी. वैशाखांत बाहेर अंगाची लाही झाली तरी आंत ऊन शिरण्यास वाट नसे. ओसरीपुरता बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा करून घ्यावा आणि तो सुतळीनें खुंट्यांस बांधावा, एवढेंच काम. त्यांत भिंतीस भोंक पाडावयाचें नव्हतें, आणि मोडण्यासारखेंही फारसें कांहीं नव्हतें. आतां नागपूर-रायपूर हमरस्त्याच्या आसपास सिमेंटचीं घरें झालीं; त्यांच्या खिडक्या रुंद, सरकत्या आणि कांचेच्या. खिडकी मोठी झाली म्हणून ऊन आंत आलें, आणि ऊन आलें म्हणून गुंडाळीचे व पट्ट्यांचे ब्लाइंड आले. ते बसवावयाचे म्हणजे चौकटीवर ड्रिलनें भोंकें पाडून, त्यांत गिट्ट्या ठोकून, स्क्रूंनीं ब्रॅकेट आवळावयाचे. या खटाटोपांत कधीं गिलाव्याचा पोपडा निघतो, कधीं शिडीच्या धक्क्यानें कांच तडकते, तर कधीं भिंतींत दडलेली विजेची तार किंवा पाण्याची नळी ड्रिलखालीं सांपडते. बसविण्याची मजुरी कांहीं शें रुपयांची; नुकसान मात्र हजारांच्या घरांत जाऊं शकतें. प्रश्नाचें मूळ या विषमतेंत आहे.

यावर दोन उत्तरें तयार असतात. एक, ज्यानें मोडलें त्यानें भरावें. दुसरें, गरीब मनुष्य आहे, सोडून द्यावें. पहिलें उत्तर केवळ हाताकडे पाहतें. तो हात कोणीं पाठविला, त्याला काय सांगितलें आणि काय दिलें, हें तें पाहत नाहीं. दुसरें उत्तर दयेचें दिसतें. परंतु त्यांत कारागिरास जबाबदार मनुष्य न मानतां अजाण मूल मानल्याचा दोष आहे. शिवाय पुष्कळदां अशी दया करणारा गृहस्थ तोंडानें कांहीं बोलत नाहीं, आणि त्या कारागिरास पुन्हां कधीं बोलावीतही नाहीं. ही शिक्षाच होय. फक्त तींत आरोपीस बाजू मांडण्याची संधि मिळत नाहीं.

शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाच्या आरंभींच कारागिरांचें प्रकरण आहे. त्यांत परटाविषयीं असा नियम आहे कीं, त्यानें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर कपडे धुवावे. अन्यत्र धुतल्यानें वस्त्र बिघडलें तर त्याची भरपाई करून वर सहा पण दंड द्यावा. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, वस्त्र बिघडलें एवढ्यावरच हा नियम थांबत नाहीं. काम योग्य रीतीनें केलें होतें कीं नाहीं, हें तो विचारतो. दैवी आपत्तीनें झालेली हानि तेथें वेगळी काढली आहे, आणि कारागिराच्या हवालीं केलेल्या ठेवीस त्याची श्रेणी जामीन मानली आहे. म्हणजे योग्य ती काळजी आणि पाठीशीं उभा राहणारा कोणीतरी, या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना सुचल्या होत्या.

आजचा कायदाही याहून फार दूर नाहीं. १८७२ च्या करारविषयक कायद्याचें ७३ वें कलम, करार मोडल्यामुळें स्वाभाविकपणें होणारी हानि भरून देण्यास सांगतें. दूरची व अप्रत्यक्ष हानि तें वगळतें. आणि हानि आटोक्यांत आणण्याचे उपाय हाताशीं होते कीं काय, हेंही पाहावयास लावतें. या कलमामागें इंग्लंडांतील १८५४ चा एक प्रसिद्ध निवाडा आहे. ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा दांडा मोडला. तो नमुन्यासाठीं पोंचविण्यास वाहतूकवाल्यानें उशीर केला, आणि गिरणी तितके दिवस अधिक बंद राहिली. गिरणीवाल्यानें बुडालेला नफा मागितला. परंतु ती विशेष परिस्थिति वाहतूकवाल्यास कळविलेली नसल्यामुळें तो मिळूं शकला नाहीं. हेंच तत्त्व आमच्या भिंतीस लावून पाहावें. तार कोठून गेली आहे हें घर बांधणाऱ्यास ठाऊक असतें. परक्या कारागिरास भिंतीच्या आंतलें दिसत नाहीं. आपणांस ठाऊक असलेलें आपण सांगितलें नाहीं, आणि मग तार तुटल्यावर त्याच्यावर डोळे वटारले, तर अपराधाचा निम्मा वांटा आपल्या मौनाचा आहे. उलट, येथें भोंक पाडूं नकोस असें बजावूनही त्यानें पाडलें, तर मजुरी कितीही अल्प असो, तो उत्तरदायी आहे.

पाठीशीं उभा राहणारा कोण, हें मात्र आपण मजुरी ठरवितांनाच ठरवीत असतों. ‘बसवून देऊं’ असें म्हणून जो दुकानदार माल विकतो, तो आपल्या किंमतींत जोखमीचेंही मोल घेतो. त्यानें पाठविलेला मनुष्य त्याचा हात आहे. भरपाई दुकानदारानें द्यावी, आणि ती त्या मजुराच्या रोजांतून कापून घेऊं नये. तो टाळाटाळ करील तर २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें सेवेंतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. परंतु कित्येक गृहस्थ बसविण्याचे पैसे वांचावे म्हणून ब्लाइंड एकीकडून घेतात, आणि चौकांतून एखादा मनुष्य घासाघीस करून आणतात. यांत वांचविलेले पैसे म्हणजे हमीचेंच मोल होय. हमी नको म्हणून कमी किंमत दिली, त्यानें ती जोखीम आपल्या शिरावर घेतली, असेंच नीतीच्या दृष्टीनें म्हटलें पाहिजे. निष्काळजीपणाबद्दल त्या मजुरास बोल लावावा. पण निव्वळ अपघाताचें ओझें त्याच्यावर टाकणें म्हणजे जें विकत घेतलें नाहीं तें मागणें होय.

कोणी म्हणेल, अशानें कारागीर बेपर्वा होतील. आमचा समज उलट आहे. तडा गेल्यावर पुट्टी फांसून निघून जाणारा मनुष्य बहुधा बेपर्वा नसतो. तो भ्यालेला असतो. खरें सांगितलें तर चार दिवसांची कमाई जाईल हें त्याला ठाऊक असतें. लपविणें हा दोष खराच, आणि अपघाताहून तो मोठा आहे, कारण लपविलेल्या तारेनें पुढें कोणाचा जीवही जाईल. परंतु ज्या घरांत खरें बोलणें इतकें महाग पडतें, त्या घरानें खोट्याबद्दल नवल करूं नये.

आम्हां शिकलेल्या लोकांनीं आणखी एक गोष्ट मनांत आणावी. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखालीं आणली. तरी रोगी बरा झाला नाहीं एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीं, त्यानें साधारण कौशल्य व काळजी वापरली कीं नाहीं, हें पाहिलें जातें. वकिलांची सेवा तर या कायद्याच्या कक्षेंतच येत नाहीं, असें त्याच न्यायालयानें २०२४ सालीं ठरविलें. ज्या विद्यांत आमचीं मुलें शिरतात, तेथें आम्ही यत्नावर समाधान मानतों. शिडीवर उभ्या असलेल्या मनुष्याकडून मात्र निर्दोष फळ मागतों.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वीं भिंत दोघांनीं मिळून पाहावी, ठाऊक असलेल्या तारा-नळ्या दाखवाव्या, आणि नुकसान झाल्यास कोण काय करील हें दोन ओळींत लिहून ठेवावें. मोडलेंच तर काम थांबवून तें दोघांनीं पाहावें, त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि दुरुस्त करण्याची पहिली संधि ज्याच्या हातून मोडलें त्याला द्यावी. भरपाई पोपड्याची मागावी, साऱ्या खोलीच्या रंगाची नव्हे. आणि चार खिडक्यांपैकीं तीन नीट झाल्या असतील, तर त्या तिन्हींची मजुरी त्याच संध्याकाळीं हातावर ठेवावी. केलेल्या कामाचा हिशेब आणि मोडलेल्या वस्तूचा हिशेब हे दोन वेगळे आहेत. पहिला दुसऱ्यासाठीं अडवून ठेवण्याचा अधिकार, केवळ पैसे आपल्या खिशांत आहेत म्हणून, आपल्याला मिळत नाहीं.