नाही म्हणता येईल असा पैसा

ह्यूस्टनला तेलकंपनीत असलेला माझा मावसभाऊ गणपतीत घरी आला होता. टेक्सासच्या तेलवाल्यांचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "काही म्हण, निदान देवाधर्मासाठी तरी खर्च करतात." ते वाक्य डोक्यातून जाईना.

मिडलंडचे टिम डन, सिस्कोजवळचे फॅरिस आणि डॅन विल्क्स ही नावं अमेरिकेचं राजकारण वाचणाऱ्यांना नवी नाहीत. तेल-वायूच्या धंद्यात मिळवलेला पैसा ते कडव्या उजव्या ख्रिस्ती राजकारणामागे उभा करतात. फॅरिस विल्क्स तर स्वतः चर्चमध्ये प्रवचन देतात. हे सगळं ढोंग, पुढे धर्म आणि मागे धंदा, असं म्हणून मोकळं व्हायची मला घाई होती.

पण लायमन स्ट्युअर्टपाशी हा तर्क अडतो. युनियन ऑइलच्या या संस्थापकाला तरुणपणी मिशनरी व्हायचं होतं. त्यासाठी साठवलेले पैसे त्याने तेलजमिनीच्या भाडेपट्ट्यात घातले आणि ते बुडाले. पुढे श्रीमंत झाल्यावर त्याने भावासह १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' या ख्रिस्ती निबंधमालेचे बारा भाग छापवले आणि जगभरच्या पाद्री-मिशनऱ्यांना फुकट पाठवले. देणाऱ्यांच्या नावाऐवजी फक्त 'दोन ख्रिस्ती गृहस्थ'. आपलं नावही न छापणाऱ्याला ढोंगी कसं म्हणायचं? शिवाय अमेरिकेत जमिनीखालचं तेल बहुधा जमीनमालकाचं असतं, आपल्यासारखं सरकारचं नाही. पट्टा घ्यायचा, खणायचं. एक विहीर कोरडी, दुसरी कोरडी, तिसरीला तेल. खणणाऱ्याला ती ईश्वराची कृपा वाटली तर नवल नाही. आणि कंपनी घरचीच असली की पैसा कुठे द्यायचा हे भागधारकांना विचारावंही लागत नाही.

म्हणून देणाऱ्याचं मन तपासणं मी सोडून दिलं. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच भेद: घेणाऱ्याला बोलू देणारा पैसा आणि त्याला गप्प बसवणारा पैसा.

१९०५ साली तेलसम्राट रॉकफेलरने अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेला एक लाख डॉलर दिले. आपला संबंध असा की मुंबईत १८१३ पासून आणि पुढे नगरला काम करणारं अमेरिकन मराठी मिशन याच बोर्डाचं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक त्याचं, आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांच्या मनातलं नगरही त्याचंच. त्या मिशनच्या शाळांत अक्षरओळख झालेल्या मुलींनी बोर्डाचा हिशेब मागायला हवा होता, असं मी कधीच म्हणणार नाही. हिशेब मागितला तो कोलंबस शहरातल्या वॉशिंग्टन ग्लॅडन या धर्मोपदेशकाने. रेल्वेकडून गुपचूप सवलती घेऊन, प्रतिस्पर्धी चिरडून मिळवलेला पैसा चर्चने घेणं म्हणजे त्या रीतीत भागीदार होणं, असं तो म्हणाला. मग कळलं, पैसे बोर्डानेच मागितले होते. देणगी राहिली. पण भांडण उघड्यावर झालं, आणि बोर्डाच्याच पंथातल्या माणसाने ते केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गप्प बसवण्याची इच्छा पुढे दिसली ती सन ऑइलच्या जे. हॉवर्ड प्यू यांच्यात: चर्चने अर्थकारणावर भूमिका घेणंच त्यांना नको होतं. स्वतः मात्र ते सरकारच्या 'न्यू डील' या आर्थिक कार्यक्रमाविरुद्ध हिरिरीने उभे होते.

मावसभावाचं म्हणणं, पैसा त्यांचा, श्रद्धा त्यांची, आणि कामगार संघटनाही देतातच की. पैसा आणि श्रद्धा त्यांची, हे मला मान्य आहे. संघटनांचं म्हणणं अर्धंच खरं. संघटनेचा पैसा हजारोंच्या वर्गणीचा, आणि तिच्या पुढाऱ्याला निवडून यावं लागतं. टेक्सासच्या विधानसभा निवडणुकीत एका व्यक्तीने किती द्यावं याला कायद्याची मर्यादाच नाही. आमदाराने देणाऱ्याच्या मनाविरुद्ध मत दिलं, तर पुढच्या वेळी त्याच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यामागे तो पैसा उभा राहू शकतो. ग्लॅडनला निदान ओरडता आलं. या आमदाराला 'नाही' म्हणताना आमदारकीच पणाला लावावी लागते.

म्हणजे श्रद्धेची चिकित्सा करायला निघालो आणि एका आकड्याच्या मागणीपाशी पोचलो: देणगीला कायद्याने कमाल मर्यादा, आस्तिकालाही आणि नास्तिकालाही. टॉम स्टायर यांनी हवामानबदलाच्या प्रश्नावर अमेरिकी निवडणुकांत ओतलेले कोट्यवधी डॉलर मला मनापासून आवडले होते. ती मर्यादा त्यांनाही लागू व्हायला हवी.