साहेबांचा शेरा

साहेब तापट आहेत, ही तक्रार ऑफिसात सगळ्यात जास्त ऐकू येते आणि माझ्या मते तीच सगळ्यात कमी गंभीर असते. ओरडणाऱ्या साहेबाचा अंदाज महिन्याभरात येतो. सोमवारी सकाळी केबिनकडे फिरकायचं नाही, रजेचा अर्ज जेवणानंतर न्यायचा, आकडे तोंडपाठ ठेवायचे; एवढ्या भांडवलावर लोकांनी अख्ख्या नोकऱ्या काढल्या आहेत. निवृत्तीनंतर त्याच साहेबाचं नाव आदराने घेणारेही भेटतात. (अपमानाला शिस्त म्हणायची सवय आपल्याला शाळेपासूनच असते, ते सोडा.)

खरा अवघड साहेब आवाज चढवत नाही. तो गोड बोलतो, तोंडी सांगतो आणि सही करत नाही. फाइल वर जाते, चार दिवसांनी खाली येते. समासात दोनच शब्द, ‘चर्चा करा’. चर्चेला गेलं की साहेब म्हणतात, “अहो, द्या ना करून, मी आहे.” पुढे ऑडिटचा आक्षेप निघतो तेव्हा हे ‘मी आहे’ कुठल्याच कागदावर सापडत नाही. सापडते ती कारकुनाची सही. तापट साहेबापायी झोप जाते. या साहेबापायी पेन्शन अडकते.

मुरलेला हेडक्लार्क अशा वेळी भांडत नाही. जागेवर येऊन तो फाइलवर लिहितो, ‘आजच्या चर्चेतील निर्देशांनुसार प्रस्ताव फेरसादर, मान्यतेस्तव.’ खाली तारीख. टोमणा नाही, तक्रार नाही, पण आता साहेबांना हो किंवा नाही लिहावंच लागतं. नियमही त्याच्याच बाजूने आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी हवा. तोंडी दिला तर मागाहून लेखी दुजोरा द्यायचा आणि कनिष्ठानेही तो मागून घ्यायचा. टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांची नोंद व्हायलाच हवी, असं बजावलं.

मग लोक लेखी मागत का नाहीत? गोपनीय अहवालामुळे. वर्षाकाठी साहेब एक शेरा लिहिणार, त्यावर बढती ठरणार, आणि तो शेरा वर्षानुवर्षं कर्मचाऱ्याला दिसतच नसे. फक्त प्रतिकूल शेरा कळवायची पद्धत होती. सीमा सडक सेवेतले अभियंता देव दत्त यांची बढती अशीच हुकली. अट होती पाच वर्षं ‘अति उत्तम’ची; १९९३-९४ चा शेरा निघाला नुसता ‘उत्तम’. शेरा वाईट नव्हता म्हणून कळवला नाही, आणि त्यानेच बढती गेली! सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवलं की शेरा कसाही असो, तो कळवलाच पाहिजे. दाद मागायला वाव हवा. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते. केंद्र सरकारने २००९ मध्ये संपूर्ण अहवाल दाखवण्याचे आदेश काढले.

साहेबाचा मूड कसा ओळखावा, यावर कार्यशाळा भरतात. देव दत्त यांच्या निकालाने मात्र एकाही साहेबाचा स्वभाव बदलला नाही. बदलला तो अंधारातून लिहिण्याचा अधिकार, आणि माझ्या मते कनिष्ठाचा ताठ कणा त्या उजेडावरच उभा राहतो. आता भिडेपोटी सगळ्यांनाच ‘उत्कृष्ट’ वाटलं जातं, ही कुरकुर खरी आहे. तरी मला हा सौदा परवडतो. खासगी कंपनीत फाइल नसते. तिथे मीटिंग संपताच ‘आत्ता ठरल्याप्रमाणे मी हे करतो आहे, काही वेगळं असल्यास कळवावं’ असा तीन ओळींचा मेल हेडक्लार्कच्या त्या नोंदीचं काम करतो, फक्त त्याचा सूर विनयाचा हवा. पुरावा गोळा करतोय असा वास आला की संपलंच.

आणि शेजारच्या टेबलावरच्या कंत्राटी ऑपरेटरला यातलं काहीच लागू नाही. त्याची नेमणूक एजन्सीची, साहेब ऑफिसचे. त्याने ‘लेखी द्या’ म्हटलं तर पुढच्या करारात त्याचं नाव नसतं. ते का गळलं हे सांगायला एजन्सी म्हणते ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणतं एजन्सीला. मूड सांभाळण्याची कार्यशाळा खरं तर त्याच्याच कामाची, कारण दुसरं काही त्याच्या हाती ठेवलेलंच नाही. कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या मागण्यांत त्याचा मुद्दा अजून शेवटच्या पानावर असतो.