खिशातला कॅमेरा आणि वावरातला अंधार

मोबाइलचा कॅमेरा किती चांगला, हे तपासायला यवतमाळ जिल्ह्यातलं एखादं वावर पुरेसं आहे. नोव्हेंबरची भर दुपार, फुटलेला पांढराशुभ्र कापूस आणि तो वेचणारी, उन्हाने रापलेली बाई. समोरचं दृश्य साधारण मध्यम उजेडाचं असणार, असं धरून कॅमेरा चालतो. पांढरं फार दिसलं की तो उजेड कमी करतो. मग बोंडं छान येतात आणि चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवला, तर कापसाचा नुसता पांढरा डाग उरतो.

आपला डोळा कापसावरून चेहऱ्याकडे वळताना जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र एकदाच ठरवावं लागतं, कोणाला वाचवायचं. हा निर्णय नुसता तांत्रिक कधीच नव्हता. कोडॅकच्या काळात प्रिंटचे रंग ‘शर्ली कार्ड’वरून जुळवत, आणि त्या कार्डावर गोरी बाई असे. सावळे चेहरे त्या हिशेबात नव्हतेच. गूगलने पिक्सेल फोनमध्ये सावळ्या-काळ्या त्वचेसाठी ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ मध्ये.

आता एचडीआर कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून कापूस आणि चेहरा दोन्ही दाखवतं. ही जोडाजोड खोटी म्हणायची का? मला नाही वाटत. बाई तिथे होतीच, कॅमेऱ्याने तिला झाकलं होतं.

आता त्याच शिवारात रात्री या. शेतपंपाची लाइन रात्रीची असली की कास्तकार हरभऱ्याला ओलित करायला टॉर्च घेऊन निघतो. नाइट मोड काही सेकंदांत अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. फोटोत बांध, पाण्याची सरी, पायाखालचं गवत, सगळं स्वच्छ दिसतं. चाचणीत पैकीच्या पैकी गुण! पण त्या माणसाला यातलं काहीच दिसत नव्हतं. गवतात साप असेल तर तोही दिसला नसता. हा फोटो पाहणाऱ्याला दिवसा विजेची मागणी कशाला पटेल?

एकच करामत दुपारी न्याय करते आणि रात्री अडचण पुसून टाकते. म्हणून ‘फोटोत फेरफार नको’ एवढा नियम पुरत नाही. उजेड वाढवताना फोटोतून काय नाहीसं होतंय, आपल्या यंत्राची उणीव की समोरच्याचं दुःख, हे विचारायला हवं. दुसरं असेल तर नाइट मोड बंद करा. फोटो काळा येईल, पण त्या माणसाची रात्र तशीच होती.